मुहर्रकचा थांबा: बहरीनच्या विमानतळाची गोष्ट

२१ जानेवारी १९७६. ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणाऱ्या काँकॉर्ड विमानांची प्रवासी सेवा त्या दिवशी सुरू झाली. एअर फ्रान्सचे काँकॉर्ड पॅरिसहून डाकारमार्गे रिओ द जानेरोला निघाले. त्याच वेळी ब्रिटिश एअरवेजचे काँकॉर्ड लंडनहून झेपावले. ते न्यूयॉर्कला गेले नाही, टोकियोलाही नाही. ते गेले बहरीनला.

समुद्रात भर घालून वाढवल्यानंतर आजही हा देश मुंबई शहर आणि उपनगरे यांच्या एकत्रित क्षेत्रफळापेक्षा थोडाच मोठा आहे. मग ध्वनीहूनही वेगवान अशा या प्रवासी विमानाने पहिल्याच दिवशी हा मुक्काम का गाठला? ‘तेलाचा पैसा’ हे उत्तर ओठांवर तयार असते, आणि ते सपशेल चूक नाही. पण त्या धावपट्टीची कथा तेलाच्या विहिरीपाशी सुरू होत नाही. ती सुरू होते इराणने नाकारलेल्या एका परवानगीपाशी. या धाग्यात ती कथा जरा विस्ताराने पाहू.

आधी १९२९ मध्ये जाऊ. त्या वर्षीच्या ३० मार्चला इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन ते कराची ही हवाई सेवा सुरू केली. ‘हवाई’ हा शब्द सैल अर्थानेच घ्यायचा. लंडनहून बासेलपर्यंत विमान, तिथून जिनोआपर्यंत आगगाडी, मग भूमध्य समुद्रावरून पाण्यावर उतरणारे विमान, आणि पुढे इजिप्त-इराकमार्गे कराचीपर्यंत पुन्हा जमिनीवरचे विमान. एकूण सात दिवस. बोटीने याहून बराच जास्त वेळ लागत असे, त्यामुळे साम्राज्याच्या टपालासाठी ही क्रांतीच होती.

या मार्गाचा अखेरचा टप्पा, बसरा ते कराची, आखाताच्या इराणी किनाऱ्यावरून जात असे: बुशहर, लिंगेह, जास्क. हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी सुमारे २००० किलोमीटर भरते. त्या काळच्या विमानांचा पल्ला याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून वाटेत उतरून इंधन भरणे अटळ होते. इराणमध्ये तेव्हा रझा शाह पहलवींची सत्ता होती. परकीयांच्या सवलती एकामागून एक मोडीत काढणाऱ्या या शासकाला आपल्या किनाऱ्यावर ब्रिटिश विमानांचे कायमचे तळ नको होते. विमाने न्यायचीच असतील तर देशाच्या अंतर्भागातून न्या, असा इराणचा आग्रह होता. डोंगराळ, लांबचा, गैरसोयीचा तो मार्ग इंपीरियलला परवडणारा नव्हता. मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही.

ब्रिटिशांनी मग नकाशावर बोट उचलून आखाताच्या दुसऱ्या बाजूला ठेवले. अरब किनाऱ्यावरच्या शेखांशी त्यांचे एकोणिसाव्या शतकापासूनचे करार होते. परराष्ट्र व्यवहार ब्रिटिशांच्या हाती, अंतर्गत कारभार शेखांच्या. अर्थात हे शेख सहज राजी झाले असे समजू नका. आज विमान उतरेल, उद्या सैन्य उतरेल, ही भीती त्यांना होती, आणि पुढच्या इतिहासाने ती निराधार ठरवली नाही. शारजाच्या शेखांनी जुलै १९३२ मध्ये करार केला. भाडे ठरले रुपयांत. कुवेत, बहरीन, शारजा, ग्वादर अशी नवी साखळी उभी राहिली आणि ऑक्टोबर १९३२ पासून विमाने या बाजूने येऊ-जाऊ लागली.

ही विमाने म्हणजे हँडली पेज कंपनीची चार इंजिनांची, दुपंखी, अवाढव्य यंत्रे. वेग ताशी जेमतेम १६० किलोमीटर, पल्ला ८०० किलोमीटरच्या आसपास. त्यांतले ‘हॅनिबल’ नावाचे विमान १ मार्च १९४० रोजी ओमानच्या आखातावर बेपत्ता झाले. त्यातील आठ जणांमध्ये मद्रास प्रांतातील जस्टिस पक्षाचे नेते सर ए. टी. पनीरसेल्वम होते. त्यांचा माग कधीच लागला नाही.

मराठी वाचकाने इथे एक तारीख ध्यानात ठेवावी: १५ ऑक्टोबर १९३२. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून एक छोटे ‘पस मॉथ’ विमान उडवले आणि अहमदाबादमार्गे ते मुंबईला, जुहूच्या मैदानावर आणले. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा हा आरंभ आपण सगळे शाळेत वाचतो. पण टाटांच्या विमानातले टपाल कुठून आले होते, हे सहसा सांगितले जात नाही. इंपीरियल एअरवेजने इंग्लंडहून कराचीपर्यंत आणलेले टपाल पुढे मुंबई-मद्रासला पोचवण्यासाठीच ही सेवा सुरू झाली होती. आणि इंपीरियलची विमाने त्याच महिन्यात अरब किनाऱ्याच्या मार्गावर वळली होती. मुहर्रकची धूळ आणि जुहूची वाळू एकाच साखळीचे दुवे होते.

मुहर्रक हे नाव आता नीट ओळखून घेऊ. बहरीन हा बेटांचा समूह. मनामा हे त्याचे मुख्य शहर, आणि शेजारच्या लहान बेटावर वसलेले मुहर्रक ही एकेकाळची राजधानी. विमाने उतरू लागली ती या बेटावर. मुहर्रकची खरी ओळख मात्र मोत्यांची. उन्हाळ्यात येथून शेकडो गलबते मोत्यांच्या शिंपल्यांसाठी समुद्रात जात, पाणबुडे नाकाला चिमटा लावून तळ गाठत, आणि हाती आलेला माल बव्हंशी मुंबईच्या बाजारात विकला जाई. आपल्याकडे नथीत जडवला जाणारा जो ‘बसराई मोती’ म्हणतात, तो बसऱ्यात निपजत नसे. आखातातील मोत्यांना व्यापाराच्या वाटेवरून पडलेले ते नाव आहे. बहरीनचे चलन भारतीय रुपया होते. तिथले टपाल कार्यालय भारतीय टपाल खात्याचे होते आणि १९३३ पासून भारतीय टपाल तिकिटांवर ‘बहरीन’ असे छापून ती तिथे वापरली जात. आखातातील ब्रिटिश रेसिडेंटचा कारभार १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या अखत्यारीत होता, त्यानंतर भारत सरकारच्या. थोडक्यात, विमान येण्यापूर्वीच बहरीन ते मुंबई ही वाट मळलेली होती. विमानाने फक्त ती वर उचलली.

आणि विमान आले ते नेमके मोती बुडत असताना. जपानी संवर्धित मोती बाजारात आले होते, त्यात जागतिक मंदीने ग्राहक पळाले. मुहर्रकची गलबते किनाऱ्याला लागली ती पुष्कळशी कायमचीच. १९३२ च्या उन्हाळ्यात जबल दुखान या टेकडीपाशी तेल लागले. आखाताच्या अरब बाजूला मिळालेले हे पहिले तेल. म्हणजे मोत्यांची अखेर, तेलाची सुरुवात आणि हवाई मार्गाचे आगमन, ही तिन्ही वळणे एका छोट्या बेटसमूहाने जवळजवळ एकदम घेतली. इतिहासात योगायोगांना फार महत्त्व देऊ नये असे आम्हाला शिकवतात. तरी या योगायोगापाशी थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही.

तेलामुळे शत्रूचेही लक्ष गेले. १९ ऑक्टोबर १९४० रोजी इटालियन बॉम्बफेकी विमानांनी थेट ऱ्होड्स बेटावरून येऊन बहरीनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यावर हल्ला केला. नुकसान नगण्य झाले, पण संदेश पोचला. १९४३ मध्ये मुहर्रक हा ब्रिटिश हवाई दलाचा तळ झाला आणि १९७१ पर्यंत राहिला. नागरी आणि लष्करी विमाने एकच धावपट्टी वापरीत. शेखांची जुनी भीती आठवा.

महायुद्धाने आणखी एक गोष्ट केली: विमानांचा पल्ला वाढवला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा त्याचे थांबे होते कैरो आणि जिनिव्हा. आखातात उतरण्याची गरजच उरली नव्हती. ज्या थांब्याचा जन्मच विमानांच्या तोकड्या पल्ल्यातून झाला होता, त्याच्या डोक्यावरून आता विमाने जाऊ लागली. इथपासून बहरीनच्या विमानतळापुढे एकच प्रश्न राहिला: आता कशासाठी?

सगळेच काही लगेच वरून जाऊ लागले नाहीत. एअर फ्रान्सचा सायगाव ते पॅरिस मार्ग कराचीनंतर बहरीनला थांबत असे. १२ जून १९५० च्या रात्री या मार्गावरचे एक ‘स्कायमास्टर’ विमान मुहर्रकला उतरत असताना समुद्रात कोसळले. ४६ माणसे दगावली. दोनच दिवसांनी, १४ जूनच्या रात्री, त्याच कंपनीचे, त्याच जातीचे, त्याच मार्गावरचे दुसरे विमान त्याच समुद्रात पडले. आणखी ४० मृत्यू. अठ्ठेचाळीस तासांत एकाच धावपट्टीच्या तोंडाशी ८६ माणसे गेली. घातपाताच्या शंका उठल्या नसत्या तरच नवल. चौकशीने बोट ठेवले ते साध्या गोष्टींवर. काळोख्या समुद्रावरून उतरताना वैमानिकांनी उंचीवर पुरेसे लक्ष ठेवले नव्हते. शिवाय धावपट्टीसाठी चांगले दिवे आणि रेडिओची साधने हवीत, अशी शिफारसही झाली. खाली दिवा नाही, वर चंद्र नाही, तेव्हा पाणी आणि आकाश यांत फरक करणे माणसाच्या डोळ्याला जमत नाही. पन्नास वर्षांनी, २३ ऑगस्ट २००० च्या रात्री, कैरोहून आलेले गल्फ एअरचे एअरबस याच विमानतळाजवळ समुद्रात कोसळले आणि १४३ जणांचा मृत्यू झाला. उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जाताना अंधारात वैमानिकाला विमानाच्या स्थितीचा भ्रम झाला होता. दिवे आले, रडार आले, संगणक आले. अंधार मात्र तोच होता.

१९५० सालीच, त्या अपघातांच्या अवघे काही आठवडे आधी, मुहर्रकला एक लहानशी कंपनी नोंदवली गेली होती: गल्फ एव्हिएशन. फ्रेडी बॉसवर्थ हा माजी ब्रिटिश वैमानिक एका जुन्या ‘अ‍ॅन्सन’ विमानातून दोहा, धहरान, शारजा अशा जवळच्या ठिकाणी माणसे नेत असे. तेल कंपन्यांच्या माणसांना बोटीने एक-दोन दिवस घालवायचे नव्हते. ‘आता कशासाठी?’ या प्रश्नाचे उत्तर बॉसवर्थच्या धंद्यात होते. लंडन-भारत मार्गावरचा मधला थांबा म्हणून बहरीनची गरज संपत असेल, पण आखाताच्या स्वतःच्या बंदरांना आपापसांत जोडणारा मध्यबिंदू कुठेतरी लागणारच होता. दुबईला तेव्हा विमानतळ नव्हता, तो सप्टेंबर १९६० मध्ये उघडला, आणि तोही दाबून बसवलेल्या वाळूच्या धावपट्टीने. बॉसवर्थला हे यश पाहता आले नाही. १९५१ मध्ये इंग्लंडमध्ये विमान अपघातात तो मरण पावला. त्याच वर्षी बीओएसी ही ब्रिटिश सरकारी कंपनी भागीदार झाली.

पुढची वीस वर्षे बहरीनची होती. ब्रिटिश रेसिडेंट १९४६ मध्येच इराणमधील बुशहर सोडून बहरीनला आला होता. सत्ता, तळ, बँका, तारयंत्रे सगळे एका ठिकाणी. डिसेंबर १९६१ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले. त्यानंतर ब्रिटिशांनी १९६८ मध्ये सुएझच्या पूर्वेकडून माघारीची घोषणा केली. बहरीनवर इराणचा जुना दावा होता. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने १९७० मध्ये तिथल्या लोकमताचा कानोसा घेतला आणि बहुसंख्यांना स्वतंत्र अरब राज्य हवे आहे, असा अहवाल दिला. १५ ऑगस्ट १९७१ रोजी बहरीन स्वतंत्र झाला. (हो, तारीख आपलीच.)

त्या वर्षांत आखातातील नऊ अमिरातींचे एकच संघराज्य करण्याची खटपट चालली होती. ती फसली. बहरीन आणि कतार वेगळे झाले, उरलेल्यांतून संयुक्त अरब अमिराती उभी राहिली. पण जे राजकारणात जमले नाही ते आकाशात काही काळ जमले. १ जानेवारी १९७४ पासून बहरीन, कतार, अबू धाबी आणि ओमान या चार सरकारांची सामाईक कंपनी म्हणून गल्फ एअर उभी राहिली. प्रत्येकाचा वाटा सारखा. मुख्य तळ मुहर्रक. त्यात तेलाचे भाव वाढलेले, कोकणातून आणि केरळातून माणसे आखातात निघालेली. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांत ‘आखात’ हा शब्द भूगोलाच्या पुस्तकाबाहेर पडला तो याच दशकात. गल्फ एअरचे सोनेरी ससाण्याचे चिन्ह तेव्हा जणू अख्ख्या आखाताचे चिन्ह होते.

आता काँकॉर्डचे कोडे सुटते. अमेरिकेने १९७६ च्या जानेवारीत काँकॉर्डला उतरण्याची मुभा अजून दिली नव्हती. ब्रिटिश एअरवेजला पूर्वेकडे, सिंगापूर आणि पुढे ऑस्ट्रेलियाकडे जायचे होते, आणि वाटेत इंधनाला थांबा हवा होता. म्हणजे कारण अगदी १९३२ चेच: एकाने दार बंद ठेवले आणि विमानाचा पल्ला अपुरा. मात्र पूर्वी दिवस लागत तिथे आता चार तासही लागत नव्हते. सिंगापूरपर्यंतची सेवा १९७७ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली, मलेशियाच्या आक्षेपांमुळे लगोलग थांबली, १९७९ मध्ये पुन्हा चालू झाली आणि १९८० मध्ये कायमची बंद पडली.

बहरीनच्या उताराची तारीख काढायची तर मी २५ ऑक्टोबर १९८५ ही सांगेन. गल्फ एअरने दुबईच्या फेऱ्या कमी केल्यावर दुबईने स्वतःची कंपनी काढली. पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सकडून भाड्याने विमाने घेतली आणि त्या दिवशी एमिरेट्सचे पहिले उड्डाण केले. कुठे? कराचीला. सुरुवातीच्या मोजक्या ठिकाणांत मुंबईही होतीच. टाटांच्या टपालाची जुनी वाट पुन्हा.

दुबई गल्फ एअरच्या भागीदारीत कधीच नव्हती, हे इथे निर्णायक ठरले असे माझे मत आहे. तिला कोणाचे हित सांभाळायचे नव्हते. कोणतीही परदेशी कंपनी येवो, तिला उतरू द्यायचे, हे दुबईचे ‘खुल्या आकाशा’चे धोरण. बहरीनला मात्र सामाईक कंपनीच्या चार मालकांचे चार हट्ट सांभाळावे लागत. शिवाय मुहर्रक हे चहूकडून समुद्राने आणि मधोमध गावाने वेढलेले बेट आहे, तिथे धावपट्टीला हातपाय पसरायला जागा ती किती? पण जागेची अडचण दुय्यम. २०२४ मध्ये दुबईच्या विमानतळावरून ९ कोटी २३ लाख प्रवासी गेले, बहरीनचा आकडा साधारण एक कोटीच्या घरात असतो, आणि एवढी तफावत केवळ जमिनीने पडत नाही.

मग एकेक भागीदार उठला. कतारने १९९३ मध्ये स्वतःची कतार एअरवेज काढली आणि २००२ मध्ये गल्फ एअर सोडली. अबू धाबीने २००३ मध्ये एतिहाद काढली आणि दोन वर्षांनी बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. २००७ मध्ये ओमानही गेला. अख्ख्या आखाताचे नाव धारण करणारी कंपनी एकट्या बहरीनची उरली.

मात्र एक वारसा बहरीनकडे अजून होता आणि तो जमिनीवरून दिसत नव्हता. जगाचे आकाश ‘उड्डाण माहिती क्षेत्रां’त विभागलेले असते. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला एफआयआर म्हणतात. (पोलीस ठाण्यातला नव्हे!) त्या क्षेत्रातली विमाने कोणाच्या सूचनेने चालतील, हे त्यावरून ठरते. बहरीनचे हे क्षेत्र त्याच्या भूभागाच्या कितीतरी पट मोठे होते आणि कतारभोवतीचे आकाश त्यातच येई. कतारला स्वतःचे असे क्षेत्र नव्हते. जगातल्या मोठ्या विमान कंपन्यांपैकी एक दोहात, आणि दोह्याचे आकाश बहरीनच्या हाती.

५ जून २०१७ रोजी सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले आणि आपापले आकाश कतारच्या विमानांना बंद केले. कतारला बाहेर पडायला अरुंद वाटा उरल्या. आणि त्या वाटा कुठे जात होत्या? उत्तरेला, इराणवरून. १९३२ मध्ये ज्या इराणने ब्रिटिश विमानांना नाही म्हटले आणि त्यामुळे मुहर्रकचा थांबा जन्मला, त्याच इराणचे आकाश आता कतारचा श्वास ठरले. प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेले. हा वाद ऐकण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या परिषदेला आहे, असा निकाल न्यायालयाने जुलै २०२० मध्ये कतारच्या बाजूने दिला.

५ जानेवारी २०२१ रोजी सौदी अरेबियातील अल-उला येथे समेट झाला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला मुहर्रकला नवे टर्मिनल सुरू झाले, वर्षाला १ कोटी ४० लाख प्रवाशांची क्षमता असलेले. तेव्हा महासाथीमुळे जगभरचे विमानतळ ओस पडलेले होते. आणि ८ सप्टेंबर २०२२ रोजी दोहाचे स्वतंत्र उड्डाण माहिती क्षेत्र टप्प्याटप्प्याने अस्तित्वात येऊ लागले. बहरीनच्या नियंत्रकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या आकाशाचा एक तुकडा त्या दिवशी शेजाऱ्याच्या हाती गेला.